‘मॅडम, तुमच्याशिवाय हे कोण करणार?’

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पत्रलेखिका पुण्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या सहायक प्राध्यापिका आहेत. मराठवाड्यातल्या लहान गावातून, भटक्या-विमुक्त समाजातून आलेल्या. घरातल्या पहिल्या पदवीधर आणि पहिल्या पीएच.डी. वसतिगृहात राहणाऱ्या भटक्या-विमुक्त मुलामुलींचं शिक्षण मध्येच का सुटतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. दोन शोधनिबंध प्रसिद्ध झालेत, तिसरा वर्षभर अर्धवट पडून आहे. एकीकडे त्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर आहेत, ‘कमवा आणि शिका’ बघतात, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अडकलेले शिष्यवृत्तीचे अर्ज सोडवतात आणि रात्री अकराला फोन करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलतात. आता प्राचार्यांनी समान संधी कक्षाचं समन्वयकपद पुढे केलंय, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली आहे. ‘मॅडम, तुमच्याशिवाय हे कोण करणार? तुम्ही स्वतः यातून गेला आहात,’ असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, ‘तुमचं हे संशोधन कमी आणि चळवळ जास्त आहे, बढती हवी असेल तर एखादा तटस्थ विषय घ्या.’ लेखिका विचारतात: पद घेऊ की नको? नाही म्हटलं तर ती माझ्या माणसांशी गद्दारी होईल का? आणि विषय बदलू का?

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी तुमच्या कामांची यादी कागदावर उतरवली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, हे काम मुळात कुणाचं. तक्रार समिती नेमणं आणि ती चालवणं ही २०१३ च्या कायद्याने संस्थेची जबाबदारी. भेदभाव रोखणं आणि समान संधी कक्ष चालवणं हेही संस्थेचंच; विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) त्यासाठी २०१२ सालीच समता नियमावली काढली. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकवणं हे कार्यालयाचं काम, त्यासाठी तिथे पगारी माणसं बसलेली आहेत. खचलेल्या मुलांचं ऐकणं हे समुपदेशकाचं. यादी संपली, पण एकाही ओळीपुढे तुमचं नाव आलं नाही.

तुमच्या पत्रात मात्र ही सगळी कामं ‘माझी’ म्हणून आली आहेत. ‘समाजाचं ऋण’ हे शब्द तुम्ही दोनदा लिहिलेत. त्या भावनेची मी चेष्टा करणार नाही. ज्या घरातून पहिलंच मूल विद्यापीठापर्यंत पोचतं, त्या घरात ती भावना खरी असते आणि तिच्यावरच कित्येक वसतिगृहं, वाचनालयं, अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. पण तुम्ही समाजाचं देणं लागता म्हणून महाविद्यालयाचं देणंही तुम्हीच फेडायचं, हे कुठून आलं? प्राचार्यांनी दोन्ही खाती एकत्र केली आणि तुम्ही ती तपासून न बघता सही करायला निघाला आहात.

हे तुमच्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेत १९९४ साली अमादो पडिया या मानसशास्त्रज्ञांनी अशा भाराला ‘सांस्कृतिक कर’ म्हटलं होतं. वांशिक अल्पसंख्याक गटातल्या प्राध्यापकांवर विविधतेशी संबंधित प्रत्येक समिती येऊन पडते, संस्था त्याचा गवगवा करते आणि बढतीच्या टेबलावर त्याचं मोल शून्याजवळ येतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. आपल्याकडे त्यात जातीची, भाषेची आणि बाईपणाची भर पडते एवढंच.

तुम्ही लिहिलंय की तीन जानेवारीच्या कार्यक्रमात तुम्हाला ‘आमच्या कॉलेजच्या सावित्रीबाई’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं गेलं आणि तेव्हापासून नाही म्हणणं आणखी अवघड झालंय. (पुण्यात शाल स्वस्त मिळते, कार्यभारातली सवलत महाग असते.) सावित्रीबाईंचं नाव घेतलंच आहे, तर ते काम कसं चाललं होतं तेही बघू. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिला जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली. सोबतीला सगुणाबाई होत्या, फातिमा शेख होत्या. जोतीरावांबरोबर सदाशिवराव गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर ही मित्रमंडळी होती. महार-मांग आदी लोकांना विद्या शिकवण्यासाठी पुढे रीतसर ‘मंडळी’ स्थापन झाली. शेण-चिखल सावित्रीबाईंच्या अंगावर आला, हे खरं आहे आणि ते विसरता कामा नये. पण वर्गणी कुणी गोळा करायची, जागा कुणी द्यायची, पत्रव्यवहार कुणी करायचा हे सगळं त्यांच्या एकटीच्या डोक्यावर टाकून बाकीचे जयंतीला टाळ्या वाजवत बसले नव्हते. तुमच्या महाविद्यालयाला सावित्रीबाई हव्या आहेत, परांजपे आणि वाळवेकर व्हायला मात्र कुणी तयार नाही.

आता ‘तुमच्याशिवाय कोण करणार’ या वाक्याकडे येते. त्यातला निम्मा भाग खरा आहे. मुलं तुमच्याकडे येतात, कारण तुम्हाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागत नाही. जात वैधता प्रमाणपत्र अडलं की घरात काय होतं, ऊसतोडीच्या हंगामात आईबाप गावात नसताना सही कुणाची आणायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. उरलेला निम्मा भाग मात्र बाकीच्या स्टाफची सोय आहे. तुम्हीच एक उदाहरण दिलंय: तोंडी परीक्षेत एका मुलाने ‘पानी’ म्हटलं, परीक्षक हसले, मुलगा गप्प झाला आणि त्याला ‘मॅडमशी बोल’ म्हणून तुमच्याकडे पाठवलं गेलं. तुम्ही त्याला तासभर धीर दिलात. पण बोलायला हवं होतं ते हसणाऱ्याशी. ते सर पुढच्या वर्षीही त्याच खुर्चीत बसून गुण देणार आहेत. प्रत्येक दुखावलेलं मूल तुमच्या खोलीत पोचतं करण्याची सोय जोवर आहे, तोवर त्या सरांना काहीही शिकावं लागणार नाही. तुमच्या चांगुलपणाचा असा उपयोग होतोय, हे ऐकायला कडू आहे, पण सांगायलाच हवं.

पत्रात तुम्ही ओझरती लिहिलेली आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. तुम्ही तक्रार समितीवर आहात आणि विद्यार्थिनी तुमच्याकडे मैत्रीण म्हणूनही मन मोकळं करतात. आज एखादी मुलगी रात्री फोनवर तुम्हाला काही सांगेल आणि उद्या तीच तक्रार समितीपुढे येईल. समोरच्या पक्षाचा पहिला आक्षेप असेल, मॅडमचं मत आधीच ठरलेलं आहे. समितीचं कामकाज कायद्याने गोपनीय आहे. त्या गोपनीयतेत आणि तुमच्या मायेत तुमची ओढाताण होईल, आणि नुकसान होईल त्या मुलीच्या तक्रारीचं. कक्षाच्या समन्वयक झालात तर तिसरी टोपी डोक्यावर येईल. तेव्हा कक्ष घेणार असाल तर तक्रार समितीतून बाहेर पडा. समितीच्या सदस्यांची मुदत कायद्याने तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही, त्यामुळे तुमची नेमणूक कधीची आहे ते आधी तपासा. कदाचित ती मुदत संपलेलीही असेल आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल. असं होतं.

मग पद घ्यायचं का?

माझं मत: अटींवर घ्या, आणि अटी कागदावर आल्या नाहीत तर घेऊ नका. तोंडी ‘मी आहे ना मॅडम’ याला काही अर्थ नाही. प्राचार्य बदलले की तो शब्दही जातो. अर्ज एका पानाचा लिहा. आठवड्याचे किती तास या कामाला द्यायचे आणि त्याबदल्यात कुठला कार्यभार कमी होणार, हे त्यात असू द्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. त्यात काही करता येत नसेल तर परीक्षा विभागाचं काम, वेळापत्रकाचं काम, स्नेहसंमेलन यातलं काहीतरी अंगावरून उतरायला हवं. कार्यालयातला एक कर्मचारी ठरावीक दिवशी कक्षासाठी मिळावा. स्वतंत्र निधी असावा, थोडा का असेना. निधी नसलेला कक्ष म्हणजे दारावरची पाटी. मुदत दोन वर्षं आणि त्यानंतर पद दुसऱ्याकडे. आणि सहसमन्वयक म्हणून अशी व्यक्ती, जी तुमच्या समाजातली नाही, किंबहुना ज्या विभागाला वाटतं की ‘आमच्याकडे असले प्रश्नच नाहीत’ त्या विभागातली. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतलं कुणी मिळालं तर फारच छान. पहिले सहा महिने तुम्हाला त्यांना शिकवावं लागेल, कंटाळा येईल. पण तुम्ही रजेवर गेल्यावरही कक्षाचं दार उघडं राहणं याच माणसावर अवलंबून असेल.

सगळ्यात महत्त्वाची अट अधिकाराची. कक्षाने दिलेला अहवाल कुणाकडे जाणार, किती दिवसांत उत्तर मिळणार, तोंडी परीक्षेतल्या त्या हसण्यासारखी गोष्ट कळल्यावर समन्वयक संबंधित विभागाला लेखी विचारणा करू शकते की नाही? यूजीसीची नियमावली मागवून स्वतः वाचा. भेदभावविरोधी अधिकारी कोण असावा, तक्रार कशी नोंदवायची, हे तिथेच बघून घ्या. पुष्कळ ठिकाणी ज्या ज्येष्ठाचं नाव कागदावर असतं आणि ज्या कनिष्ठाने राबायचं असतं, त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. तुमच्याकडे तसं असेल तर ते ज्येष्ठ नाव पहिल्या बैठकीला बोलवा.

नॅकची भेट जवळ आहे याचा तुम्हाला राग आलाय, ‘एरवी आमची आठवण नाही’ म्हणून. राग रास्त आहे. पण वाटाघाटीला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. नॅकच्या सातव्या निकषात संस्थात्मक मूल्यं येतात, त्यात लिंगसमभाव, दिव्यांगांसाठी सोयी, समावेशकता हे सगळं बसतं. संस्थेला या महिन्यात तुमची गरज आहे आणि समिती येऊन गेल्यावर ती उरणार नाही. कागद आत्ताच करून घ्या. ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा आणि तुम्हीही तितक्याच सौजन्याने नाही म्हणा. शब्द हवे असतील तर असे लिहा: ‘सर, कक्षाचं काम महत्त्वाचं आहे, म्हणूनच ते कुणाच्या उरल्यासुरल्या वेळात होऊ नये असं मला वाटतं. सध्याच्या कार्यभारात मी त्याला न्याय देऊ शकणार नाही. नव्या समन्वयकांना सुरुवातीच्या दोन बैठकींत मी जरूर मदत करेन.’ इतकंच लिहा. खाली कारणांची शेपूट लावू नका. प्रत्येक कारणावर तोडगा काढायला माणसं टपलेली असतात.

‘पण एवढं काम केलं तर कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला उपयोग होईल ना?’ असं तुम्ही कंसात विचारलंय. कंसात का विचारलंत कळलं नाही, प्रश्न अगदी सरळ आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाखेरीजच्या कामांचे ठरावीक प्रकार दिले आहेत: प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, विद्यार्थ्यांचे उपक्रम, परिसंवाद, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, शोधनिबंध. किमान तीन प्रकारांत सहभाग असला की शेरा ‘चांगला’. एकाच रकान्यात चार समित्या कोंबल्या तरी रकाना एकच भरतो. तुमचे प्रशासनाचे आणि विद्यार्थ्यांचे रकाने भरून वाहताहेत. शोधनिबंधाचा मात्र वर्षभर रिकामा आहे.

आणि इथे मला तुमचा दुसरा, गद्दारीचा प्रश्न घ्यायचा आहे. तिसरा शोधनिबंध तुम्ही ‘माझं स्वतःचं काम’ म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलाय, जणू विद्यार्थ्यांच्या तोंडचा घास काढून तुम्ही तो लिहिणार आहात. यूजीसीची पीएच.डी.बाबतची २०२२ ची नियमावली बघा. सहायक प्राध्यापकाला गाइड म्हणून मान्यता मिळायला स्वतःची पीएच.डी. आणि किमान तीन शोधनिबंध लागतात. तुमच्याकडे दोन आहेत. तुमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो तिसरा पेपर प्रसिद्ध झाला, की तुम्ही चार संशोधक विद्यार्थी घेऊ शकता. सहयोगी प्राध्यापक झाल्यावर सहा, प्राध्यापक झाल्यावर आठ. ज्या मुलामुलींना गाइडच्या दारात ‘हा विषय कशाला’ हे ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी चार जागा तुमच्या अर्धवट फाइलमध्ये अडकून पडल्या आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज दुसरं कुणीही भरू शकतं. तो पेपर तुमच्याशिवाय खरंच कुणी लिहिणार नाही.

विषय बदलण्याबद्दल. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सल्ल्यात बढतीची काळजी असेलही, मी त्यांच्या हेतूबद्दल बोलत नाही. पण ‘तटस्थ विषय’ म्हणजे काय हे त्यांना एकदा विचाराच. ज्याचे आजोबा वतनदार होते त्याने वतनव्यवस्थेवर लिहिलं तर तो इतिहास, आणि ज्याची आजी तांड्यावर राहिली तिने वसतिगृहावर लिहिलं तर ती चळवळ? संशोधनाची कसोटी एकच: पद्धत नीट आहे का, पुरावा तपासता येतो का, विरोधात जाणारी माहितीही मांडली आहे का. त्या बाबतीत मात्र स्वतःला सूट देऊ नका. तुमच्या विषयाकडे लोक शंकेने बघणार हे गृहीत धरा आणि मुलाखती कशा घेतल्या, किती जणांनी नकार दिला, तुमची स्वतःची पार्श्वभूमी कुठे आड आली आणि कुठे कामी आली, हे स्वच्छ लिहा.

याच शहरात त्याचा वस्तुपाठ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव यांच्या अभ्यासाला वर्गातल्या शिकवण्याशी जोडलं. कोण बोलतं, कोण गप्प बसतं, इंग्रजीच्या धाकाने कुणाचं ज्ञान बाहेर येत नाही, हे प्रश्न त्यांनी विचारले आणि त्यांवर लिहिलंही. फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनपद्धतीवरचं त्यांचं लेखन त्यातूनच आलं. त्या काही तटस्थ विषयाच्या आडोशाला गेल्या नाहीत. ‘पानी’वर हसण्याची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत, मला त्यात एक संशोधनप्रश्न दिसतो: पुण्यातल्या तोंडी परीक्षांमध्ये बोलीचा गुणांवर परिणाम होतो का?

एक सावधगिरी. कक्षात तुमच्याकडे येणारी मुलं ही तुमची माहिती नव्हे. विश्वासाने सांगितलेलं उचलून लेखात घालायचं नाही, नाव बदलूनही नाही. चारशे-पाचशे मुलांच्या महाविद्यालयात ‘एक पारधी विद्यार्थिनी’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. संशोधन करायचं तर वेगळ्या महाविद्यालयात, रीतसर संमती घेऊन.

रात्रीच्या फोनचं काय? बंद करा असं मी सांगणार नाही, तुम्ही ते करणारही नाही. पण आठवड्यातल्या दोन दुपारी ठरावीक वेळ दारावर लावा आणि मुलांना सांगा, की जीवावर बेतलेलं असेल तरच रात्री फोन, एरवी या वेळेत या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही त्याच कागदावर लिहा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तुम्ही समुपदेशक नाही, आणि आत्महत्येचं बोलणाऱ्या मुलाला एकटीने सांभाळायचा प्रयत्न करू नये. महाविद्यालयाने समुपदेशक नेमावा, ही मागणी तुमच्या त्या एका पानात बसते.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात म्हणून थोडं इतरांसाठी. तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर असलं कुठलंही पद मानधनाशिवाय घेऊ नका; पुढच्या जूनमध्ये तुम्हाला बोलावतील की नाही हेच ठाऊक नसताना संस्थेची प्रतिमा तुम्ही का सांभाळायची? पीएच.डी. करत असाल आणि गाइडच कक्षाचं काम देत असतील, तर सरळ नकार जमणार नाही. मग कामाला शेवटची तारीख मागा, आणि झालेल्या कामाची ई-मेलवर नोंद ठेवा. आणि ज्यांना अशी विनंती कधीच होत नाही, ज्यांच्या आडनावाकडे बघून कुणाला ‘तुम्ही यातून गेला आहात’ असं म्हणावंसं वाटत नाही, त्यांनी आपल्या महाविद्यालयातला शिष्यवृत्तीच्या अर्जांचा ढीग मागून घ्यावा. अनुभव लागत नाही, संकेतस्थळ चालू असलेली एक दुपार आणि भरपूर संयम लागतो.

तुमच्यासाठी उरलेली एक गोष्ट. पद नाकारलंत तर मुलांना काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. खरं तेच सांगा. मॅडम पेपर लिहिताहेत, तो झाला की त्या गाइड होऊ शकतील, आणि एम.ए.ला असलेल्यांनी आतापासून विषय शोधायला लागावं. मला नाही वाटत त्यातल्या एकाही मुलाला हे ऐकून सोडून दिल्यासारखं वाटेल. दोघं-तिघं तर दुसऱ्याच दिवशी विषय घेऊन येतील. त्यांना मात्र ती दुपारची वेळ दाखवा.